गोळी बंद करा, बाटली सुरू करा

परवा मावशीच्या औषधांच्या डब्यात एक नवी बाटली दिसली. हिरवं झाकण, लेबलवर पानं फुटलेला मेंदू आणि त्याखाली 'शंभर टक्के नैसर्गिक'. डब्यात जागा व्हावी म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बाहेर गेली होती. मावसभावाला, म्हणजे दादाला, विचारलं तर म्हणाला, "अगं, ते केमिकल होतं. हे झाडपाल्याचं आहे, गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना!" हा आत्मविश्वास पाहून मी भारावले. ज्यांच्या घरात कुणी विसरायला लागलंय, त्यांच्यासाठी या पद्धतीची माहिती सविस्तर देते.

आधी तपासण्या टाळा. बी-१२ कमी पडलं, थायरॉइड मंदावलं, मन खचलं, कानाला कमी ऐकू आलं, झोपेची गोळी जास्त झाली, तरी माणूस विसरतो, आणि यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. सुधारलं तर बाटली कुणाला पाजणार?

संशोधनाचा आधार मात्र हवाच. तेव्हा बातमी वाचा, फक्त मथळ्याच्या खाली उतरू नका. 'मेंदूच्या पेशींचं रक्षण करणारं संयुग सापडलं' म्हटलं की झालं. त्या पेशी काचेच्या बशीत होत्या आणि संयुग थेट त्यांच्यावर ओतलं होतं, असल्या कटकटीत पडू नये. आपल्याला आतडं आहे, यकृत आहे, आणि रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांनी धरलेला कडक पहारा आहे. बशीला यातलं काही नसतं. नाहीतर प्रयोग उंदरांवर झालेला असतो. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली मांडलेली एक परीक्षा आहे: गढूळ पाण्याच्या टाकीत उंदीर सोडायचा आणि पाण्याखाली लपलेला चौथरा त्याला किती लवकर आठवतो ते पाहायचं. उंदराला चौथरा सापडला म्हणजे तुम्हाला चष्मा सापडलाच.

हळदीतलं करक्युमिन घ्यायचं तर मिऱ्यातलं पिपरीन घातलेलं घ्या. १९९८च्या एका प्रयोगात २ ग्रॅम करक्युमिनला २० मिलिग्रॅम पिपरीनची जोड दिल्यावर माणसांत ते वीसपट शोषलं गेलं. हा वीसचा आकडा सगळ्यांना सांगा. कशाच्या वीसपट, हे विचारलं तर विषय बदला, कारण एकट्या करक्युमिनचा रक्तात जेमतेम मागमूस लागला होता. शिवाय पिपरीन ज्या एन्झाइमना आवर घालतं, त्यातली काही इतर औषधांचाही निचरा करतात. म्हणजे बाकीच्या गोळ्यांचा जोर न मागता वाढू शकतो.

द्राक्षांच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल रेड वाइनमधूनच घ्या. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचणीत दिवसाला २ ग्रॅमपर्यंत दिलं होतं, वाइनमधून तेवढं मिळवायला पिंपं रिचवावी लागतील आणि मग काय विसरलो हेही आठवणार नाही.

ब्राह्मीवर माणसांवर प्रयोग झालेत, हे खरं आहे आणि मला ते मान्य आहे. रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, १२ आठवडे, निरोगी माणसं, आणि शिकण्याच्या काही चाचण्यांत थोडा फरक. तुम्ही मात्र तिसऱ्याच दिवशी आईला समोर बसवून पाढे म्हणायला लावा. ब्राह्मी या नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. बाटलीत कुठली आहे ते बाटलीलाच ठाऊक.

गिंकोबद्दल काय सांगू! हे झाड डायनासोरांच्या काळापासून टिकून आहे म्हणे, म्हणजे आपली स्मृतीही टिकणार. ७५ वर्षं आणि त्यावरच्या ३,०६९ माणसांवर सुमारे सहा वर्षं चाचणी झाली, दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम. २००८ साली निकाल आला: स्मृतिभ्रंश औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांइतकाच झाला. बाकी 'निरुपद्रवी' हे खरंच, फक्त रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. मावशीची चालू आहे. तिच्या हातांवर काळेनिळे डाग दिसले तेव्हा दादा म्हणाला, कुठेतरी आपटली असेल, तिला आठवत नसेल.

तिला आठवत नसेल!

आता त्या 'केमिकल'विषयी. दादा, तू बंद केलेली गोळी गॅलँटामीनची होती. ते कुठून आलं माहीत आहे? स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडातून. १९५०च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी त्यावर काम केलं, पुढे ते नर्गिसाच्या कंदांतूनही काढू लागले, आणि २००१ साली अमेरिकेत अल्झायमरसाठी त्याला मान्यता मिळाली. फूल आहे ते, फूल! तुला हवं होतं तेच. निसर्गातल्या ज्या संयुगाने परीक्षा दिली आणि निदान काठावर पास झालं, त्याची गोळी झाली. आणि गोळी झाली म्हणून तू ते डब्याबाहेर टाकलंस. त्याने आजार थांबत नाही, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काहींना थोडा काळ थोडा आधार मिळतो. पण किती मिलिग्रॅम द्यायचं, काय त्रास होऊ शकतो, कुणाला द्यायचं नाही, हे सगळं गोळीसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. तुझ्या बाटलीवर पान आहे.

आणि ही गोळी तीन दिवसांहून जास्त चुकली तर जिथे सोडली तिथून सुरू करता येत नाही. तू तीन आठवडे बंद ठेवलीस. मावशी आठ मिलिग्रॅम दोनदा इथवर पोचली होती, आता परत चार मिलिग्रॅम दोनदा, किमान चार आठवडे, मग पुढची पायरी. मळमळ सोसून चढलेला जिना तिला पुन्हा पहिल्या पायरीपासून.

बाटली द्यायचीच होती तर आधी डॉक्टरांना दाखवायला काय झालं होतं? ओरडतील म्हणून? ओरडलेच, पण माझ्यावर. "कुणी बंद केली?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तू ऑफिसात होतास. पुढच्या तपासणीला रजा काढ. बाटली घेऊन तू जायचंस.