मोदक खाल्ला तर चालतो का?

गौरी-गणपती होऊन आठवडा झाला असेल. चर्चमधली रविवारची उपासना सुटली, मोठी माणसं बाहेर चहाला गेली आणि तरुण संघाची पोरं पुढच्या दोन बाकांवर कोंबून बसली. त्यांचा शास्त्रपाठ मी घेते. नववीतल्या एकानं हात वर केला. "मावशी, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मोदक दिला. मी खाल्ला. मम्मी म्हणते प्रभूची माफी माग. मागू का?"

पोरं खिदळली. विचारणाऱ्याचे मात्र कान लाल झाले होते, म्हणजे पोरगं खरंच दोन-चार दिवस झोपेत कुशी बदलत असणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागे गायनाची पुस्तकं गोळा करणारे आमच्या मंडळीतले एक वडीलधारे तिथूनच म्हणाले, "मूर्तीपुढचं खायचं नाही. शास्त्रात लिहिलंय. विषय संपला."

विषय कुठला संपतोय. ही पोस्ट त्या संपलेल्या विषयावर आहे, आणि लांब आहे. चहा घेऊन बसा.

त्या दिवशी मी पोरांना बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र उघडायला लावलं, प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं. करिंथ म्हणजे बंदराचं गाव, देवळंच देवळं. बाजारात जे मटण यायचं त्यातलं बरंच देवळात वाहिलेल्या जनावरांचं. मग नव्यानं विश्वासात आलेल्यांनी करायचं काय? प्रश्न हुबेहूब आमच्या पोराचाच, फक्त मोदकाच्या जागी मटण. त्याला उत्तर द्यायला पौलाला आठवा, नववा आणि दहावा असे तीन अध्याय लागले. आमच्या वडीलधाऱ्यांना तीन वाक्यं लागली.

आणि पौल एका बाजूला राहतच नाही. आधी म्हणतो, मूर्ती काही नाहीच, तेव्हा खाल्ल्यानं काही बिघडत नाही. लगेच म्हणतो, पण ज्याचं मन अजून कच्चं आहे त्याच्या डोळ्यांदेखत खाऊन त्याला पाडू नका. दहाव्यात आवाज चढतो: प्रभूच्या मेजावर आणि त्या दुसऱ्या मेजावर, दोन्हीकडे बसता येणार नाही. पुढे पुन्हा उतरतो: बाजारात मिळतं ते चौकशा न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमच्या पत्रात तर असलं अन्न वर्ज्य करा असं सरळच आहे. तर "शास्त्रात लिहिलंय" हे काकांचं खरंच. काय काय लिहिलंय तेवढं वाचायचं राहिलं.

पोरांनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी खाते. माझी आजीही शेजारणीचा प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायची आणि नाताळात आमच्या करंज्यांचं ताट त्याच घरात जायचं, वर रुमाल टाकून. पण आजीचे सासरे खायचे नाहीत, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. ते स्वतः देव बदलून आलेले. त्यांनी काय सोडलं आणि त्यापायी कोण कोण सुटलं हे त्यांनाच माहीत. त्यांचं न खाणं आणि तीन पिढ्यांनंतर फ्लॅटमध्ये बसून शेजारणीचं ताट परत पाठवणं, या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत. पोराला म्हटलं, माफी मागायची असेल तर काकूंचा डबा अजून परत दिला नाहीस त्याची माग.

आता मूळ दुखण्यावर येते. आपल्याला बायबलमधलं एखादं वचन, म्हणजे एक ओळ, तोडून द्यायची सवय लागली आहे, कढीपत्ता तोडतात तशी. बायबलला अध्याय पडले तेराव्या शतकात. वचनांचे आकडे तर त्याहून उशिरा, १५५१ साली रोबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्यानं ग्रीक नव्या करारात घातले. पौलानं लिहिलं ते पत्र होतं. पत्र कुणी तेराव्या ओळीपुरतं वाचतं का? सासरहून आलेल्या लेकीच्या पत्रातली "मी बरी आहे" एवढीच ओळ वाचून आईनं पत्र ठेवून दिलं असतं का?

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी साडेपाचला सूर्योदयाच्या फोटोवर यिर्मया २९:११ येतं. परमेश्वराच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. दहावीच्या निकालाला येतं, फ्लॅटच्या पायाभरणीला येतं, व्हिसाच्या मुलाखतीला तर हमखास. फार सुंदर वचन आहे. पण एक ओळ वर सरका. दहावं वचन म्हणतं, बाबेलची ७० वर्षं भरल्यावर. यिर्मया संदेष्ट्याचं हे पत्र बाबेलला कैद करून नेलेल्या, देशोधडीला लागलेल्या यहुद्यांना आहे. घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणारा चाळिशीचा माणूस घरी परतणार नव्हता, त्याची नातवंडं परतणार होती. आणि त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा भर मंदिरात सांगतोय की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयानं त्याला तोंडावर खोटं ठरवलं. मला खात्री आहे, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप असतं तर हनन्याचाच मेसेज जास्त फिरला असता.

येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचंही असंच झालंय. इतकी पाठ आहे की ऐकूच येत नाही. बाकी माझी वहिनी वसईची, कॅथलिक; आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या घरी सगळे मिळून म्हणतो तेव्हा ती "वाइटापासून सोडव"पाशी थांबते आणि आम्ही "राज्य, पराक्रम, गौरव" करत पुढे जातो. पहिल्या वर्षी तिला वाटलं आम्ही पदरचं घालतोय, आम्हाला वाटलं ती विसरली. जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितांत ती शेवटची ओळ नाही, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तिच्या बायबलात पुस्तकं ७३, आमच्या ६६. त्यावरून जेवणाच्या टेबलावर पुष्कळ झालंय, इथे नको.

मला बोलायचंय ते ऋणावर. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली आपली मराठी ओळ अशी आहे: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." नव्या पिढीला वाटतं ऋण म्हणजे पाप. लूकच्या शुभवर्तमानात तिथे पापच म्हटलंय. पण मत्तयानं वापरलेला ग्रीक शब्द देण्याघेण्याचाच आहे, आणि आपल्या भाषांतरकारांनी तो पातळ केला नाही, याबद्दल त्यांचे उपकार.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाच एकर जमीन. सोसायटीचं कर्ज कधी पूर्ण फिटलेलं मला आठवत नाही. ऋण हा शब्द त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी चुलतभावाला विहिरीच्या कामाला ४,००० रुपये दिले होते. तेव्हा ते फार होते. पैसे परत आले नाहीत, बोलणं बंद झालं, आणि दोघंही दर रविवारी एकाच चर्चमध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. दादांच्या शेजारी उभी राहायचे. त्यांचा आवाज मोठा, घोगरा, सगळ्यांत आधी ओळ उचलणारा. एका रविवारी लक्षात आलं की "रोजची भाकर"नंतर हा आवाज बंद पडतो आणि "परीक्षेत आणू नको"पाशी परत सुरू होतो. पुढच्या रविवारी मुद्दाम कान दिला. तसंच. महिनोन्महिने तसंच. ओठसुद्धा हलायचे नाहीत. मूळ ओळीत "सोडतो" नाही, "सोडले आहे" असं आहे ना. सोडलं नव्हतं, म्हणून म्हणत नव्हते. देवासमोर खोटं बोलायचं नाही एवढा साधा हिशोब.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी ती ओळ माझ्या डोक्यावरून घोगऱ्या आवाजात गेली. घरी आल्यावर आईला चुलीपाशी विचारलं, "आई, काकांनी पैसे दिले का गं?" आई भाकरी थापत होती. "न्हाई," म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवला.

प्रार्थना कशी करावी असं पोरं विचारतात तेव्हा मी हे सांगते. डोळे मिटायचे की नाही, गुडघे टेकायचे की नाही, आपल्या शब्दांत की पाठ केलेली, याला माझ्याकडे फारसं उत्तर नाही. एक मात्र मला मराठीतच कळलं. दादांना मी कधी "तू" म्हटलं नाही, पाळकसाहेबांना तर "आपण". पण स्वर्गातल्या पित्याला सरळ "तू". ही सलगी आपल्याला विठोबाशी भांडणाऱ्यांनी शिकवली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ना. वा. टिळक म्हणायचे, ते उगीच नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस प्रार्थना अभंगात करत होता, आणि आजही आपण रविवारी त्यांची गायनं म्हणतो.

आता जे लिहायला ही पोस्ट उघडली ते.

माझा धाकटा भाऊ डायलिसिसवर होता. आठवड्यातून दोनदा, नंतर तीनदा. घरात प्रार्थनेला लोक यायचे, भाजी-पोळी घेऊन यायचे, रिक्षाचे पैसे हळूच उशीखाली ठेवायचे. त्या लोकांसाठी मी अजून देवाचे आभार मानते. पण त्याच घरात एक सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, येऊन, भावाच्या बायकोला समोर बसवून म्हणून गेला, "ताई, प्रभू बरं करतोच. कुठंतरी विश्वासात कमी पडताय." बॅगेत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं वचन खूण घालून तयार होतं: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. भाऊ तेव्हा आतल्या खोलीत जागा होता. चार महिन्यांनी गेला. वहिनी, ती वसईचीच, अजूनही मधूनच विचारते, "ताई, मी कुठं कमी पडले असेन?"

त्या माणसाला तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आज बोलते. याकोब वाचलास, तीमथ्याला लिहिलेली दोन पत्रं का नाही वाचलीस? पौल तीमथ्याला सांगतो, पोटासाठी आणि तुझ्या वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. म्हणजे औषध सांगतो. दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहितो, त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. ज्याच्या अंगावरची फडकी नेली तरी रोगी बरे होत होते असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, तो पौल आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढे गेला. त्रफिमचा विश्वास कमी होता असं एक अक्षर तिथे नाही. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. गेथशेमानेत खुद्द येशूनं मरणाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, तोसुद्धा टळला नाही. तिथेही विश्वास कमी पडला म्हणणार का?

केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या पंडिता रमाबाईंना कुणी हे तोंडावर म्हणून दाखवलं असतं तर मला पाहायचं होतं. दुष्काळातून शेकडो मुली-बायका उचलून आणलेली बाई. म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणत होती, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत, आणि मुक्तीतल्याच बायका ते छापत होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. रमाबाई भाषांतराला बसत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि ते बायबल लोकांच्या हातात पडलं १९२४ मध्ये. प्रार्थना कमी पडली होती का तिथे?

हे लिहिल्यावर दोन-तीन जण इनबॉक्समध्ये येणार, ताई, असे प्रश्न उघड्यावर नको, विश्वास डळमळतो लोकांचा. येऊ दे. माझ्या वहिनीचा जो डळमळला तो प्रश्नानं नाही, त्या खूण घातलेल्या उत्तरानं.

पुढच्या रविवारी पोरांबरोबर स्तोत्र ८८ वाचणार आहे. आपल्याकडे उपासनेत ते कुणी काढत नाही. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी वळतात, तरी मी तुझी स्तुती करीन असं काहीतरी येतं. हे वळत नाही. माणूस रात्रंदिवस हाका मारतो, मित्र दूर गेले म्हणतो, आणि स्तोत्र तिथेच थांबतं. मूळ हिब्रूत तर शेवटचा शब्दच अंधार आहे. पोरांना आधी सांगणार नाही. वाचून होऊ दे, मग पान उलटून पुढे काही आहे का ते शोधतीलच. वहिनीलाही ये म्हटलंय. मोदकवाला म्हणाला, डबा परत देऊन आलो, आणि काकूंनी त्यात चिवडा घालून दिला.