विसातून तीन गेले, उरले किती?

शिरीषचं म्हणणं सरळ होतं. चीनमध्ये माणसं जास्त जगतात, औषधपाणी मिळतं, पोटभर जेवतात. म्हणजे म्हातारपणी डोकंही पूर्वीपेक्षा शाबूत राहत असणार. "यात वाद कसला?"

वाद विद्याने काढला. ती सार्वजनिक आरोग्यात काम करते, आकडे तिला तोंडपाठ. म्हणाली, "१९९८ पासून पेकिंग विद्यापीठ आणि अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ मिळून चीनच्या २२ प्रांतांत वृद्धांची पाहणी करतायत. १९९८ मधले ऐंशी, नव्वद, शंभरीचे लोक आणि २००८ मधले त्याच वयाचे लोक त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मृत्यूचं प्रमाण घटलं. आंघोळ, कपडे, जेवण स्वतःचं स्वतः करणारे वाढले. पण आकलनाच्या चाचणीत नंतरची पिढी मागे पडली. खुर्चीवरून उठणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, त्यातसुद्धा."

"मग चाचणीच खोटी," बंड्या म्हणाला. "शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीला गणित घालायचं आणि तिला नापास ठरवायचं, हे बरोबर नाही."

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. विसातून तीन वजा करा, पुन्हा तीन वजा करा, असं पाच वेळा विचारतात. शरद ऋतूतल्या चांद्रोत्सवाची तारीख विचारतात, मिनिटभरात खाण्याच्या जिन्नसांची नावं सांगायला लावतात. त्या काळातल्या बहुतेक बायका निरक्षर होत्या, वजाबाकीत त्या अडकणारच. पण विद्याने लगेच दाखवून दिलं की प्रश्न दोन्ही वेळेला तेच होते आणि नंतरच्या पिढीत शाळेत गेलेले काही कमी झाले नव्हते. तेव्हा घसरण निरक्षरतेवर ढकलता येत नाही.

मग कारण म्हणून शिरीषने चीनमधला १९५९ ते ६१ चा दुष्काळ काढला. तोही इथे लागू पडत नाही. २००८ मधले ऐंशीतले लोक १९१९ ते २८ दरम्यान जन्मलेले, दुष्काळात ते तिशी-चाळिशीतले. त्याचे घाव असतील, पण १९९८ वाल्यांनीही तोच दुष्काळ सोसला होता.

माझं मत मी जोर देऊन मांडलं, कारण इथे लोक हमखास फसतात. पूर्वी जी अशक्त माणसं पंचाहत्तरीतच गेली असती ती आता पंच्याऐंशीपर्यंत पोचतात आणि चाचणीला बसतात. सरासरी खाली येते ती त्यांच्यामुळे. कोणा एकाचं डोकं आधीपेक्षा वाईट झालं असं त्यातून निघत नाही. अभ्यास करणाऱ्यांनीही याला यशाची किंमत असंच म्हटलंय, आणि मला ते पटतं. ती म्हातारी जिवंत आहे, हेच आधी मोजलं पाहिजे.

"म्हणजे काळजी नको?" बंड्या.

काळजी आहेच. २०२० साली छापलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढचे ६ टक्के, म्हणजे सुमारे दीड कोटी चिनी डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, निघाले. खेड्यांत प्रमाण शहरांहून जास्त.

मग विद्याने आकलनाची पातळी आणि ती घसरण्याचा वेग वेगळे केले, आणि वाद खरा रंगला. शिकलेला माणूस वरच्या पायरीवरून सुरुवात करतो, म्हणून उशिरा अडखळतो. तो हळू घसरतो असं मात्र नाही. एकदा आजार डोकं वर काढू लागला की काही शिकलेले झपाट्याने खाली येतात. म्हणजे शाळा वेग कमी करते असं म्हणायची घाई नको.

"तरी शाळेने फरक पडतो ना?" शिरीष अडून बसला. पडतो, आणि मोठा पडतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासात तीन दशकांत डिमेन्शियाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण दर दशकाला सुमारे २० टक्के घटलं, पण ती घट फक्त हायस्कूल पूर्ण केलेल्यांत दिसली.

चीनमध्ये आता सत्तरीत आहेत ते १९५० च्या आसपासचे. त्यांच्यात मुलीही शाळेत गेल्या, पण १९६६ नंतर सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत कित्येकांचं शिक्षण अर्धवट राहिलं. १९५९ ते ६१ मध्ये जन्मलेले तर उपाशी आयांच्या पोटचे, आणि ते आता साठीच्या पुढे गेलेत. शिरीष म्हणतो, ही पिढी ऐंशीला आली की गुण वाढलेले दिसतील. विद्या म्हणते, शहरात वाढतील, खेड्यातल्या बायकांचं सांगता येत नाही, म्हणून सरासरी काढण्याआधी त्यांचे गुण वेगळे मांडा. या बाबतीत मी विद्याच्या बाजूचा.