न्यूझीलंडचं नाव घेऊन ट्राय बुडवायला निघालेल्यांसाठी

मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेली ‘अभ्यासपूर्ण’ पोस्ट त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवरही फिरून गेली होती. म्हणणं थोडक्यात असं: सरकारने हात काढला की फोन स्वस्त होतो, न्यूझीलंडमध्ये टेलिकॉमला नियामकच नाही, अमेरिकेत बाजारानेच मक्तेदारी मोडली, सरकारी कंपनी विकली की काम फत्ते, सबब ट्राय, म्हणजे आपला टेलिकॉम नियामक, गुंडाळा. खाली अंगठ्यांची रांग.

आधी न्यूझीलंड, कारण पोस्टचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ‘नियामक नाही’ हे 2001 मध्येच शिळं झालं. सरकारने 1990 मध्ये आपली टेलिकॉम कंपनी दोन अमेरिकन कंपन्यांना 4.25 अब्ज न्यूझीलंड डॉलरना विकली आणि मुद्दामच वेगळा नियामक नेमला नाही. स्पर्धेचा साधा कायदा पुरेल, असा हिशेब. (तेव्हाही ‘किवी शेअर’ हा खास हक्काचा शेअर स्वतःकडे ठेवून घरगुती लोकल कॉल फुकट राहतील अशी अट घातलीच होती.) मग क्लिअर कम्युनिकेशन्स ही नवी कंपनी आली. तिचे कॉल जुन्या कंपनीच्या जाळ्यातूनच जाणार, तर त्याचे पैसे किती? जुनी म्हणाली, तुझ्यामुळे आमचा जो नफा बुडेल तोही भरून दे. भांडण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे न्यूझीलंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेलं आणि 1994 मध्ये निकाल लागला जुन्या कंपनीच्या बाजूने! शेवटी 2001 मध्ये कायदा करून टेलिकम्युनिकेशन्स कमिशनर नेमावा लागला. तेवढ्यानेही भागेना, म्हणून 2011 मध्ये तारांचं जाळंच जुन्या कंपनीपासून तोडून ‘कोरस’ ही वेगळी कंपनी केली. जो प्रयोग त्या देशाने स्वतः गुंडाळला, तो आपण आता सुरू करायचा म्हणे.

हाच तिढा आपल्याकडे 2016 मध्ये पडला. जिओचे कॉल इतर नेटवर्कवर लागेनात, दोन नेटवर्क जोडणारे पॉइंट अपुरे. जिओने दार ठोठावलं ते ट्रायचं. ऑक्टोबरमध्ये ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाला मिळून 3,050 कोटींच्या दंडाची शिफारस केली. पोस्टमध्ये जिओचं कौतुक भरपूर आहे, हे मात्र नाही.

अमेरिका: एटी अँड टी ही फोनची मक्तेदार कंपनी फोडली ती न्याय खात्याच्या 1974 च्या खटल्याने. 1 जानेवारी 1984 ला तिच्या सात प्रादेशिक कंपन्या वेगळ्या झाल्या. बाजार बघत बसला होता.

‘विकली की झालं’ म्हणणाऱ्यांनी मेक्सिको बघावा. 1990 मध्ये टेल्मेक्स ही सरकारी फोन कंपनी विकली आणि सरकारी मक्तेदारी खासगी झाली, एवढंच. 2005 ते 2009 या काळात या कमकुवत स्पर्धेपायी देशाचं 129 अब्ज डॉलरचं नुकसान झालं, असा अंदाज ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या 2012 च्या अहवालात आहे.

एक गोष्ट मान्य, करावीच लागेल. सरकारी खात्याकडे नंबर लावून फोनसाठी वर्षानुवर्षं थांबायचे दिवस खासगी कंपन्या आल्यामुळेच संपले. पण 1995 मध्ये त्याच कंपन्या इनकमिंगचेही पैसे घेत होत्या. ते थांबलं मे 2003 मध्ये, ट्रायच्या इंटरकनेक्टच्या, म्हणजे एकीचा कॉल दुसरीच्या जाळ्यात गेला तर कुणी कुणाला किती द्यायचे याच्या, नियमांमुळे.

राहिला दरांमधला ‘सरकारी हात’. मोबाइलचे दर ठरवणं ट्रायने कधीच कंपन्यांवर सोडलंय. जून 2024 च्या अखेरीस जिओ, एअरटेल आणि व्हीआय (व्होडाफोन आयडिया) या तिघांनी दोन दिवसांत दरवाढ जाहीर केली. त्यासाठी त्यांना कुणाचीही परवानगी लागली नाही.