मादी असेल तर गर्भाशयाचाही विचार करा

कुत्र्या-मांजरांच्या वाढलेल्या तहानेवरच्या या लेखात त्यामागे मधुमेह आणि किडनीचे आजार असू शकतात हे नीट समजावलंय, पण गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे पायोमेट्राचा, उल्लेख राहिला. नसबंदी न केलेल्या मादीत ही शंका आधी घ्यावी.

आमची कुत्री राणी नऊ वर्षांची. मे महिना होता, त्यामुळे तिचं स्टीलचं भांडं चार-चारदा रिकामं व्हायला लागलं तेव्हा उन्हाळाच वाटला. मग ती बाथरूममधल्या बादलीत तोंड घालायला लागली, रात्री दोनदा दाराशी कुंईकुंई करायची, आणि दूधभात नुसता हुंगून सोडून द्यायची. महिन्यापूर्वी ती माजावर येऊन गेली होती, हे डॉक्टरांनी विचारल्यावर आठवलं. सोनोग्राफी झाली आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन. वाचली! बाहेर स्राव काहीच नव्हता. गर्भाशयाचं तोंड बंद असलं की पू आतच साठतो, आणि तोच प्रकार जास्त घातक.

शंका आली तर पाणी मोजून ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. कुत्रा दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पीत असेल, म्हणजे 10 किलोचा कुत्रा लिटरभराच्या वर, तर तपासणी हवीच. मांजराच्या बाबतीत याच्या निम्मंही पुष्कळ झालं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि घरात सारखी लघवी करतो म्हणून पाणी तोडू नका हो, कृपा करून. आजारी जनावर त्याने एका दिवसात खचतं.