आधी पैसे मोजणाऱ्याचं काय?

वस्तूचा भाव उतरला याबद्दल माझी तक्रार नाही. उतरायलाच हवा, त्याशिवाय ती चार लोकांच्या घरात कशी पोचणार? राग याचा येतो की, ज्यांनी सगळ्यात आधी विश्वासाने पैसे मोजले त्यांना भाव उतरला त्या दिवशी कंपनी ओळखही दाखवत नाही.

चीनमध्ये २०२२ च्या अखेरीला इलेक्ट्रिक गाड्यांचं सरकारी अनुदान संपणार होतं. ते हातचं जाऊ नये म्हणून अनेकांनी डिसेंबरात घाईघाईने टेस्ला घेतली. ६ जानेवारी २०२३ ला टेस्लाने भाव उतरवला, तोही तीन महिन्यांत दुसऱ्यांदा. लोक शोरूमवर धडकले, फरक परत मागू लागले. कंपनीचं उत्तर होतं, गाडी ताब्यात घेतलेल्यांना भरपाई देण्याचा विचार नाही. कायद्याने बरोबर असेलही. पण हीच माणसं पुढची गाडी कुठली घ्यायची ते ठरवणार आहेत, आणि मेव्हण्याला, ऑफिसातल्या मित्रांनाही तीच सांगणार आहेत.

आयफोनचं उदाहरण जुनं आहे, पण बोलकं आहे. जून २००७ अखेर ५९९ डॉलरला विकायला काढलेला फोन सप्टेंबरच्या ५ तारखेला थेट ३९९ वर आला. संतापलेल्या ईमेलचा पाऊस पडला. दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून माफी मागितली, पहिल्या ग्राहकांनी आमच्यावर विश्वास टाकला हेही कबूल केलं. आणि दिलं काय? शंभर डॉलर, तेही ॲपलच्याच दुकानात खर्च करायचे. फरक दोनशेचा होता! तरी माफी मागितली, तेवढं मी मानतो.

मला खरी पटली ती निन्टेन्डो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीची रीत. २०११ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये २५ हजार येनला आलेला थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल खप नाही म्हणून ऑगस्टमध्ये १५ हजारांवर आणावा लागला. पण भाव उतरण्याआधीच, त्याच घोषणेत, जुन्या ग्राहकांना वीस गेम फुकट देण्याचं जाहीर झालं. त्यातले दहा ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या कंपनीच्याच जुन्या कन्सोलचे होते, ते थ्रीडीएसवर नंतर कुणाला विकलेही नाहीत. अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. कुणी बोंब मारायची वाट पाहिली नाही, हे मला त्या वीस गेमपेक्षा मोठं वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न गाड्यांमध्ये जास्त बोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बॅटरीचे सेल स्वस्त झाले म्हणून टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत कमी केली. कारण रास्त होतं. पण फोन तीन-चार वर्षांत जुना होतोच, गाडीचं तसं नाही. हप्ते जुन्या भावाचे चालू असतात, आणि विकायला गेलं की एजंट आधी मोबाईलवर शोरूमची आजची किंमत काढून समोर धरतो आणि त्यातून वजावट सुरू करतो. तुम्ही काय भावाने घेतली होती, हे तो विचारतही नाही. आणि चार्जिंगची सोय धड नसताना, शेजारीपाजारी वेड्यात काढत असताना ही गाडी रस्त्यावर आणली याच लोकांनी. सॉफ्टवेअरच्या तक्रारी लिहून पाठवल्या याच लोकांनी.

सगळा फरक परत द्या, असं मी म्हणत नाही. वर्षभर वापरलेल्या गाडीचे पूर्ण पैसे कोण देईल? पण गेल्या तीन महिन्यांत घेतलेल्याला रोख काहीतरी द्या, त्याआधीच्यांना वॉरंटी वाढवून द्या, फुकट सर्व्हिसिंग द्या. कूपन नको, त्यासाठी परत आमचाच खिसा रिकामा होतो. आणि हे नवीन भाव जाहीर कराल त्याच दिवशी, त्याच पत्रकात लिहा.