एनआयसीयूतील बाळाची जनुकीय चाचणी : फिरत्या संदेशाला उत्तर

इंदूरच्या रामबागेतील आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरतो आहे : ‘एनआयसीयूतील बाळाच्या जनुकीय चाचणीला संमती देऊ नका.’ एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, आणि जनुकीय चाचणी म्हणजे आजाराला कारण ठरणारा जनुकातला बदल रक्तातून शोधणे. संदेशात चार कारणे दिली आहेत : बाळाचे रक्त शोषले जाते, रोग कळला तरी उपचार नसतो, आईवडील पुढे पस्तावतात आणि दोष आईकडूनच आलेला निघून घरे मोडतात. हा संदेश माझ्या भाचीच्या सासूबाईंपर्यंत पोहोचला, तेव्हा भाचीचे सहा दिवसांचे बाळ झटक्यांमुळे काचेच्या पेटीत होते. डॉक्टरांनी दिलेले संमतिपत्र घडी घालून तिच्या पर्समध्ये चार दिवस तसेच पडून राहिले.

रक्ताचा मुद्दा लगेच संपतो. जांभळ्या झाकणाच्या लहानशा नळीत साधारण एक-दोन मिलिलिटर रक्त घेतात.

खरा संताप येतो तो चौथ्या कारणाचा. ‘आमच्या घराण्यात असे कधी झाले नाही,’ हे सासरकडचे वाक्य भाचीने वॉर्डाबाहेरच्या बाकावर, हातात काढलेल्या दुधाची स्टीलची वाटी धरून, मान खाली घालून ऐकले. वस्तुस्थिती अशी की, अनेक गंभीर आजारांत दोषयुक्त जनुकाची एकेक प्रत आई आणि वडील या दोघांकडून येते. दोघेही ठणठणीत असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. कित्येकदा तर जनुकातला बदल बाळातच नव्याने घडलेला असतो आणि तो आईतही नसतो, वडिलांतही नसतो. काही आजार आईकडून येतात, हे मान्य करायला हवे. परंतु तो तिचा अपराध कसा? बाळासोबत अनेकदा दोघांचेही रक्त तपासतात, त्यामुळे आईवरचा खोटा आळ दूर होण्याचीच शक्यता अधिक असते.

उपचार नसतो, हे अर्धसत्य आहे. बहुसंख्य जनुकीय आजारांवर मुळातून इलाज नाही, हे खरे. तथापि नवजात बाळांच्या झटक्यांचा एक प्रकार नेहमीच्या औषधांना दाद देत नाही आणि बी-६ जीवनसत्त्वाने आटोक्यात येतो. इलाज नसलेल्या आजाराचे नाव कळले, तरी अनावश्यक तपासण्या थांबतात आणि पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते.

पस्ताव्याबद्दल संदेशात एकही आधार दिलेला नाही. याउलट, सॅन डिएगो येथील अतिदक्षता विभागांतील बाळांच्या पालकांना विचारून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ११७ बाळांपैकी केवळ २७ बाळांचे जनुकीय निदान झाले होते, तरीही १६१ पालकांपैकी १५६ जणांनी चाचणी थोडीफार तरी उपयोगी ठरल्याचे सांगितले. पाच कुटुंबांनी हानी झाल्याचे नोंदवले; पुन्हा विचारल्यावर त्यांपैकी एकच त्यावर ठाम राहिले, आणि तेही निदान न झाल्यामुळे. ते पालक अमेरिकेतील आहेत, आपल्याकडे खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून होतो आणि अहवालाला अनेकदा काही आठवडे लागतात, हे मी नाकारत नाही. मग खर्च किती, अहवाल केव्हा आणि तो समजावून कोण सांगणार, हे डॉक्टरांना विचारावे.

भाचीने आणि जावयांनी पाचव्या दिवशी सही केली. अहवाल अजून यायचा आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी तो गटावरून काढून टाकावा, ही माझी मागणी आहे.