आधी पगार द्या, मग कामगिरी मोजा

मी चाकणच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. पगार ठरवणं, ॲप्रेझल, इन्सेंटिव्ह हेच माझं रोजचं काम. माझी मामेबहीण गावाकडे आशा सेविका आहे, म्हणजे घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणारी गावातलीच बाई. तिचा महिन्याचा मोबदल्याचा फॉर्म पाहिल्यापासून एक गोष्ट लिहायची होती. इतक्या महत्त्वाच्या कामाला इतकी चुकीची पगाररचना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बऱ्यापैकी कारखान्यात ऑपरेटरला आधी ठरलेला पगार मिळतो. पीएफ, ईएसआय (आजारपणाचा विमा), रजा असते. उत्पादन जास्त निघालं तर त्यावर इन्सेंटिव्ह. मशीन बंद पडलं किंवा कच्चा माल वेळेत आला नाही तर त्याचा पगार कापत नाहीत, कारण ते त्याच्या हातातलं नसतं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा नेमल्या गेल्या तेव्हा हे सगळं उलटं ठरलं. साधारण हजार लोकसंख्येमागे एक बाई, स्वयंसेविका म्हणून, आणि पैसे कामागणिक. गरोदर बाईची नोंदणी आणि तपासण्या, दवाखान्यातलं बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग्याचे उपचार, प्रत्येकाचा वेगळा दर आणि वेगळी नोंद. फॉर्म भरायचा, वरच्यांनी तपासायचा, मग पैसे.

यातलं एकच काम नीट पाहू. बाळंतपणानंतर आशा घरी जाते, बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, अंगावर पितंय का ते पाहते. या कामाची मुळं आपल्याच गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे २०११ मध्ये देशभरच्या आशांकडे हे काम आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. सहा भेटींचे मिळून २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे जेमतेम ४२.

आणि अट बघा. त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे शेवटच्या भेटीनंतर, आणि तेही बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघं सुखरूप असतील तर. कमी वजनाचं बाळ, घरात कुणी ऐकत नाही, रस्ता नाही, ॲम्ब्युलन्स उशिरा येते, अशा घरी ती पाच वेळा जाऊन आली आणि बाळ गेलं, तर हिशेबात तिचं काम झालेलंच नाही. शिवाय बालमृत्यूची खबर वर कळवायची ती तिनेच. अशी अट आमच्या कारखान्यात कुणी सुचवली असती तर युनियनने गेट बंद केलं असतं, आणि मी युनियनच्या बाजूने उभी राहिले असते. कामगिरी मोजताना पहिला प्रश्न असतो, की हा निकाल त्या माणसाच्या हातात किती आहे? इथे तो प्रश्नच विचारला गेला नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळंतपणाच्या मोबदल्याचे दोन भाग आहेत, एक गरोदरपणातल्या तपासण्यांचा, दुसरा दवाखान्यातल्या बाळंतपणाचा. सून माहेरी गेली की तिला महिनोन्‌महिने सांभाळणाऱ्या आशाचा दुसरा भाग हातचा जातो. दिल्लीत दर ठरवताना हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल. पण इतक्या वर्षांत आपण तरी सांगायला नको होतं?

आणि ज्याला दरच नाही त्याचं काय? सासूला समजावणं, दारुड्या नवऱ्याकडून बाईला दवाखान्यात न्यायची परवानगी काढणं, रात्री दोनला आलेला फोन. माझ्या मते आशाचं खरं काम हेच आहे. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

कोविडमध्ये घरोघरी फिरल्या त्या याच बायका. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चं सर्वेक्षण त्यांच्याच पायांवर झालं. केंद्राने त्या कामाचे महिन्याला १,००० रुपये दिले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, आपण टाळ्या वाजवल्या.

काहीच सुधारलं नाही असं मी म्हणत नाही. संप झाले, आझाद मैदानावर त्या दिवसेंदिवस बसल्या, तेव्हा २०२४ मध्ये राज्याने महिन्याला ५,००० रुपयांची वाढ दिली. केंद्राने नेहमीच्या कामांचे महिन्याला २,००० चे ३,५०० रुपये केल्याचं २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. ही वाढ त्यांनी लढून घेतली आहे. पण रक्कम वाढली म्हणून रचना बदलत नाही. आजारी पडली तर काय, स्वतःचं बाळंतपण आलं तर काय, मोबदला थकला तर किराणा कुठून भरायचा, हे प्रश्न तसेच आहेत. वेलनेसच्या सेशनमध्ये आम्ही स्ट्रेस मॅनेजमेंट शिकवतो. पगार ठरल्या तारखेला होणं ही त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे.

‘पगार बांधून दिला तर कामं करणार नाहीत’ हे वाक्य मी शिकलेल्या लोकांकडून ऐकलं आहे. तलाठी, ग्रामसेवक, डॉक्टर, आणि हो, आम्ही एचआरवाले, सगळे पगारावरच काम करतो. संशय फक्त गावातल्या बाईवर का?

२०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने आशांसारख्या सरकारी योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्याच गावात, त्याच बाळांसाठी राबणाऱ्या आशाला मात्र दहा वर्षांच्या सेवेनंतर निरोपाची एकरकमी रक्कम, आधी २०,००० होती, आता ५०,०००.

आशाच्या निवडीत ग्रामसभेचा सहभाग असतो. म्हणजे तिच्याबद्दल बोलायचा हक्कही ग्रामसभेला आहे. पुढच्या ग्रामसभेत एवढा ठराव मांडा: किमान वेतनाइतका ठरलेला पगार, तो महिन्याच्या ठरल्या तारखेला, पगारी रजा, पीएफ, आणि कामागणिक पैसे द्यायचेच असतील तर ते या सगळ्याच्या वर. मसुदा मी लिहून देते, कॉमेंटमध्ये गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका.